बॅरिस्टरचा डावा पाय

४ जानेवारी

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळे आशीर्वाद, कारण गेल्या पत्रात स्वतःपेक्षा त्यांच्याविषयीच तू जास्त लिहिलं होतंस.

फोन का उचलत नाही म्हणून रागावलीस. अगं, उचलतो, पण ऐकू येत नाही त्याला काय करू? गेल्या खेपेला तू गुडघा म्हणालीस, मी घोडा ऐकलं, आणि अर्धा तास त्या घोड्याची चौकशी करत बसलो. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे. ते घातलं की कागद कापायच्या यंत्राचा खडखडाट तेवढा दुप्पट होतो, माणसं होती तिथेच राहतात. त्यापेक्षा आपली पत्रं बरी.

कामाचं म्हणशील तर एका शाळेने ग्रंथालयातली एकशे दहा पुस्तकं बांधायला पाठवली आहेत. पाठीचे कणे मोडलेले, पानं सुटलेली. भूगोलातले नकाशे कोणीतरी सफाईने कापून नेलेत, आणि एका गणिताच्या पुस्तकात खूण म्हणून अख्खा मोजा ठेवलेला सापडला. लोकरी, निळा, उजव्या पायाचा. मी तो धुऊन पुस्तकांबरोबर परत पाठवणार आहे.

बॅरिस्टर मजेत आहे. काळा कोट, गळ्याखाली पांढऱ्या दोन पट्ट्या, आणि कोणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून न घेण्याची सवय. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. दाराची घंटा वाजली, किटली शिटी घालायला लागली, खाली कागदवाल्याचा टेंपो आला, की हा येऊन डावा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवतो. मग मी त्याच्या मागे जायचं. नऊ वर्षांत एकदाही चुकीची वर्दी दिलेली नाही.

लोभ कमी झाला असेल तर कळव, म्हणजे पत्रं लांबवीन.

तुझा,
दादा

ता. क. बॅरिस्टरच्या त्याच पायाला, कोपराच्या जरा वर, एक गाठ आली आहे. ऑगस्टात बोराएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. औषधाच्या दुकानदाराचं म्हणणं, चरबीची असेल.

११ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. (साष्टांग लिहिला आहे, घातलेला नाही. गुडघे.)

तुझं पत्र वाचताना मोज्यापाशी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. मग ता. क. वाचला आणि हसू पळालं. अरे, मोज्यावर अख्खा परिच्छेद आणि गाठीवर तीन ओळी! तीस वर्षं मी हाडांच्या वॉर्डात नर्स होते. पेशंट सगळं सांगून झाल्यावर दारातून बाहेर पडता पडता जे बोलतो ना, तेच त्याचं खरं दुखणं असतं. तुझं सगळं पत्र म्हणजे दार आहे आणि ता. क. म्हणजे आजार.

औषधाचा दुकानदार खोकल्याच्या बाटल्या विकतो. त्याला बोटांनी चाचपून चरबी कळत असती तर आमच्या इस्पितळाने सूक्ष्मदर्शक विकून टाकले असते. पाच महिने वाढणारी गाठ वाट बघण्यासारखी नाही. हे पत्र वाचलंस की चप्पल घाल आणि त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने. सुई घालून गाठ तपासा म्हणावं. छातीचा फोटो काढा म्हणावं. थांबून बघू असं म्हणाले तर किती दिवस थांबायचं ते लिहून माग.

माझं आणि कुत्र्यांचं सख्य नाही हे तुला ठाऊक आहे. आठ वर्षांची असताना त्या पिवळ्या कुत्र्याने माझी पोटरी धरली होती, आणि तू माझा थोरला भाऊ शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढून मला सूचना देत होतास. मी अजून रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तेव्हा बॅरिस्टरसाठी माझा जीव तुटतोय असं समजू नकोस. पण तो गेला तर तुझ्या दाराची घंटा कोण ऐकणार, हा साधा हिशेब मला कळतो.

माझ्यावरचा लोभ राहू दे, आणि त्यातला थोडा आज्ञा पाळण्यात दिसू दे.

तुझी,
छबू

१९ जानेवारी

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. आज्ञा पाळली. चप्पल नाही, बूट घातले.

दवाखाना कालव्यापलीकडे आहे, खाली सायकलचं दुकान आणि वर प्राणी. बसायच्या खोलीत दोन लांब बाकं. एका बाकावर टोपलीतली मांजर, पिंजऱ्यातला पोपट, आणि खोक्यात कासव घेऊन आलेल्या एक आजी. कासवाला काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी बरंच काही सांगितलं. मी जिथे मान हलवायची तिथे हलवली. तासभर झाला. माझ्या मागून आलेले तिघं आत जाऊन बाहेर आले. मी मनात म्हटलं, हे काही खरं नाही. तेवढ्यात बॅरिस्टर उठला आणि त्याने मला दोरीसकट खेचत सरळ डॉक्टरांच्या खोलीत नेऊन उभं केलं. नंतर कळलं की आमचं नाव चारदा पुकारून झालं होतं आणि तीन वेळा त्याला उठताना मीच खाली बसवलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मला ऐकू येत नाही हे पहिल्या मिनिटात त्यांच्या लक्षात आलं, तर ओरडल्या नाहीत. वही काढून लिहायला लागल्या. असं माणूस मी क्वचित पाहिलं आहे. सुई घातली, काचेवर थेंब घेतला, तो तपासून पुन्हा तीन दिवसांनी बोलावलं, छातीचा फोटो काढला. काल सगळं एका कागदावर लिहून दिलं, तो सोबत पाठवतो. तूच वाच. मला त्यावर काही लिहवत नाही.

छबू, मी नाही म्हणणार आहे. ज्याला काय होणार ते समजावून सांगता येत नाही, त्याला झोपवून त्याचा पाय काढून घ्यायचा, हे मला जमणार नाही. शिवाय तोच पाय. रोज वीस वेळा माझ्या गुडघ्यावर असतो तो. जितके दिवस आहेत तितके चार पायांवर काढू दे त्याला.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहीत जा.

दादा

(सोबतचा कागद)

१८ जानेवारी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. घरी जाऊन सावकाश वाचेन असं तुम्ही म्हणालात, म्हणून नीट लिहिते.

बॅरिस्टरची गाठ चरबीची नाही. तो कर्करोग आहे, स्नायूंच्या आसपासच्या मऊ भागातून निघालेला. चांगली गोष्ट ही की छातीच्या फोटोत फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणजे तो पसरल्याचं आज तरी दिसत नाही. अवघड गोष्ट ही की गाठ नसांना धरून बसली आहे. नुसती गाठ काढली तर तिची मुळं मागे राहतील आणि काही महिन्यांत ती परत येईल. पाय खांद्यापासून काढला तर ती पूर्ण जाण्याची शक्यता चांगली आहे.

शस्त्रक्रिया मोठ्या प्राणी-रुग्णालयात होईल, मी स्वतः तिथे असेन. बहुतेक कुत्री दुसऱ्या दिवशी उभी राहतात. टाके बाराव्या-तेराव्या दिवशी निघतात. वजन मात्र दोन किलो कमी करावं लागेल, कारण पुढचा सगळा भार एका पायावर येईल.

काहीच केलं नाही तर दुखणं वाढेल. किती दिवसांत, ते मी खात्रीने सांगू शकत नाही, पण हे वर्ष त्याला कठीण जाईल. निर्णय तुमचा. तो घेताना घाई नको, पण महिना लावू नका. काही विचारायचं असेल तर लिहून आणा, मी लिहून उत्तर देईन.

आपली,
बॅरिस्टरची डॉक्टर

२४ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. रागावले आहे, पण नमस्कार नमस्काराच्या जागी.

कागद वाचला. मुलीचं अक्षर स्वच्छ आहे आणि विचार त्याहून. काय ठाऊक आहे, काय नाही, दोन्ही वेगवेगळं लिहिलंय तिने. आमच्या वॉर्डातल्या मोठमोठ्या साहेबांना हे निवृत्त होईपर्यंत जमलं नाही.

आता माझं ऐक. म्हणजे वाच. पाय गेलेली माणसं मी शेकड्याने पाहिली आहेत. जखम भरते रे. माणूस झुरतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. लोक काय म्हणतील, कामावर घेतील का, लग्न ठरलेलं मोडेल का, जिना चढताना कोणी बघतंय का. एक सुतार होता, त्याने तीन महिने चादर गुडघ्यावरून काढू दिली नाही. बॅरिस्टरला यातलं काही आहे का? त्याला आरसा ठाऊक नाही. त्याला दुखतं किंवा दुखत नाही, एवढंच. आणि आज दुखतंय. त्याला सांगता येत नाही म्हणून तू दुखत नाही असं धरून चालला आहेस.

चार पायांवर दिवस काढू दे, हे वाक्य तू त्याच्यासाठी लिहिलं नाहीस. स्वतःसाठी लिहिलंस. तुला तो पाय हवा आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण निर्णय घेताना ते बाजूला ठेव. नऊ वर्षं त्याने तुझं ऐकण्याचं काम केलं. आता एकदा तू त्याच्या दुखण्याचं ऐक.

मी ३ तारखेला येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. रुग्णालयात डॉक्टर बोलतील ते ऐकायला दोन चांगले कान लागतील आणि ते माझ्याकडे आहेत. फक्त मी असेपर्यंत तो खोलीच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. मधल्या खोलीतला पलंग मला, आणि दाराला आतून कडी हवी.

होकार दे. मग लोभाचं बघू.

छबू

२३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. काल संध्याकाळी सुखरूप पोचले. घर बंद राहून कुबट झालं होतं, सगळ्या खिडक्या उघडल्या. एकोणीस दिवस! तीन दिवसांची बॅग घेऊन आले होते मी. तुझे दोन सदरे चुकून माझ्याबरोबर आलेत. की माझे कमी पडले म्हणून मी घालत होते तेच हे? धुऊन पाठवते.

घर फार शांत वाटतंय. तुझ्याकडे सकाळी उठलं की आधी पट्टी बदलायची, मग औषधाची गोळी भाताच्या मुटक्यात लपवायची, मग त्याने भात खाऊन गोळी तेवढी फरशीवर ठेवायची, मग आपण दोघांनी एकमेकांना दोष द्यायचा. आज सकाळी मी उठले आणि कोणाला दोष द्यावा ते कळेना.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नव्हती. शेवटी होकार देऊन शस्त्रक्रियेच्या सकाळी तू फॉर्म भरायला गेलास आणि चुकीच्या जिन्याने वर जाऊन गाईम्हशींच्या विभागात पोचलास, आठवतं? परत आलास तेव्हा त्याला आत नेलं होतं. भुलीची सुई देताना नर्सने त्याला धरलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं. नर्स सुटलेल्या पोपटामागे धावत होती. डॉक्टरीणबाईंनी इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या की त्याचं डोकं कोणीतरी ओळखीच्याने धरलं तर बरं. मी त्यांना सांगणार होते की आमची ओळख खोलीच्या दोन टोकांवरून आहे. पण तेवढ्यात त्याने हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली. केवढं जड डोकं रे त्याचं! मी डोळे मिटले आणि वॉर्डात प्रत्येकाला सांगायचे तेच त्याला सांगितलं, की दहापासून उलटे आकडे मोज, मी इथेच आहे. सातापर्यंत त्याला झोप लागली असेल. मी मात्र शून्यापर्यंत मोजत राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात सोडवला तेव्हा कुठे थांबले.

तर हे असं झालं. आता हे कोणाला सांगू नकोस, साठ वर्षांची माझी कीर्ती आहे.

तपासणीचा अहवाल कधी येतोय? पाय काढला तो जिथे कापला, त्या कडा स्वच्छ आहेत की नाहीत, सगळं त्यावर आहे. आला की त्याच दिवशी कळव. आणि त्याला बिस्किटं देऊ नकोस. दोन किलो म्हणजे दोन किलो.

तुम्हा दोघांचा लोभ असू द्यावा. (बहुवचन मुद्दाम आहे.)

छबू

१ मार्च

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद. सदरे ठेवून घे, तुला बरे दिसत होते.

तुझं पत्र वाचून मी बॅरिस्टरकडे बराच वेळ बघत बसलो. त्याने मला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून गोष्टी लपवायला लागलात हे बरं लक्षण आहे.

तो आता जिना उतरतो. चढताना अजून मी मागून हात देतो, तर तो वळून बघतो, जणू एखाद्या वकिलाच्या बोलण्यात मध्येच कोणी तोंड घातलं. शिवलेल्या जागी मखमलीसारखे बारीक केस आले आहेत. कागदवाला आला तर त्याला आधी काही वेगळं दिसलंच नाही. दहा मिनिटं गप्पा झाल्यावर दचकला आणि बोटांनी पाय मोजायला लागला.

मंगळवारी मात्र एक झालं. मी पुठ्ठा कापत होतो. किटली ठेवून विसरलो होतो. बॅरिस्टर आला, समोर बसला, आणि त्याचा डावा खांदा हलला. वर झाला. पंजा येणार तिथे काही आलं नाही. त्याने मान वळवून खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे. छबू, हातातली सुरी मी खाली ठेवली आणि मला वाटलं, हाच तो क्षण ज्याला मी भीत होतो. तो काही भ्यायला नाही. जरा विचार केला आणि उठून त्याने अख्खं डोकं माझ्या मांडीवर आपटलं. आपटलंच म्हणायचं. किटलीतलं पाणी आटून गेलं होतं, बूड काळं झालं होतं. त्यानंतर चार दिवस दारावर कोणी आलं की मांडीवर दणका. पंज्यापेक्षा हे जास्त ऐकू येतं.

आता कामाचं. काल प्रयोगशाळेतून पाकीट आलं. डॉक्टरीणबाई दहा दिवस रजेवर आहेत, त्यांच्या बहिणीला मूल झालं आहे, म्हणून ते सरळ घरी आलं. मी ते टेबलावर ठेवलं. जेवलो. ते तिथेच होतं. वह्यांची शिवण घातली, दोरा दोनदा तुटला. रात्रीपर्यंत मी ते पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घालून ठेवलं होतं, कशासाठी ते मला विचारू नकोस. मी पन्नास वर्षं लोकांचे कागद उघडून पुन्हा शिवत आलो आहे, पण हे एक पाकीट माझ्याच्याने उघडवत नाही.

ते न उघडता सोबत पाठवतो आहे. तू वाच. तू असे कागद हजारो वाचले आहेस. जे असेल ते तुझ्या अक्षरात कळव, म्हणजे ते मला पेलेल.

तुझा,
दादा

८ मार्च

दादा,

स्वच्छ आहे. कडा सगळीकडून स्वच्छ. आधी हे वाच, मग बस, मग पुढचं.

ती. दादास सा. न. वि. वि. आता कसं.

अहवालात तीन पानं आहेत, कामाच्या ओळी चार. गाठ पूर्ण निघाली आहे, कापलेल्या कडेपर्यंत रोग कुठेच पोचलेला नाही. जात मधली आहे, अगदी सौम्य नाही आणि फार वाईटही नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की असा निकाल आला तर पुष्कळ कुत्री पुढची दोन-तीन वर्षं छान काढतात, काही आपल्या म्हातारपणानेच जातात. काहींना मात्र पुढे छातीत उमटतं. म्हणून दर तीन महिन्यांनी फोटो काढायचा. वचन नाही, पण आशा चांगली आहे. मी तुझ्यापासून यातलं काही गाळलेलं नाही.

आता कबुली. पाकीट मला परवाच मिळालं. तू लिहिलंस की छबूने हजारो कागद वाचले आहेत. वाचले. बाकावर बसलेल्या आयांना, बायकांना, मुलांना उभ्या उभ्या वाचून दाखवले, आवाज न कापता. हे पाकीट मी फ्रिजवर ठेवलं. मग कपाटात ठेवलं. मग सरळ पर्समध्ये घालून बागेत गेले, आणि बसले कुठे, तर लोक कुत्री मोकळी सोडतात त्या कोपऱ्यात. तिथे मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. एक केसाळ धूड माझ्या पिशवीला हुंगायला आलं. मी त्याला सांगितलं की थांब, महत्त्वाचं काम आहे. ते बसलं. मग उघडलं.

वाचून झाल्यावर मी त्या अनोळखी कुत्र्याला मिठी मारली. त्याच्या मालकाला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. वाटू दे.

मार्च संपेपर्यंत दोघंही इकडे या. कागदवाल्याचा टेंपो महिनाअखेरीला या बाजूला येतो, असं तूच म्हणाला होतास. बाहेरची खोली रिकामी करते. माझा चांगला गालिचा तेवढा गुंडाळून ठेवेन, त्यावर केस झालेले मला चालणार नाहीत.

लोभ आहेच. या खेपेला मागत नाही, घेऊन ये.

छबू

१४ मार्च

चि. छबूस,

अनेक आशीर्वाद, अनेक, अनेक. पोस्टमन आला तेव्हा मांडीवर दणका बसला, मी दारापर्यंत धावलो आणि पत्र उंबऱ्यावर उभ्यानेच फोडलं. पहिला शब्द वाचला आणि पुढचं मला काही दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना. पोस्टमनने हळूच पत्र माझ्या हातातून घेतलं, पहिली ओळ एका बोटाने दाखवली, आणि मग स्वतःच तोंडभर हसला. बॅरिस्टर दोघांच्या मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

दोन-तीन वर्षं, आणि वचन नाही. छबू, मी एकाहत्तरचा आहे. असा अंदाज कोणी मला दिला तर मी दवाखान्यातून उड्या मारत घरी येईन. आम्ही दोघं आता एकाच बाकावर बसलो आहोत, आणि तिथून समोरचं छान दिसतं.

एक मात्र मी रात्रभर मनात घोळवत होतो. तू हजारो कागद न थरथरता वाचलेस आणि हा एक तीन ठिकाणी लपवलास. ते सगळे कागद दुसऱ्यांचे होते. हा तुझा होता. तुला नको असला तरी तो आता तुझाही कुत्रा आहे, आणि पिवळ्याने धरलेल्या पोटरीबद्दल भिंतीवर चढून बसलेल्या भावाकडून, साठ वर्षं उशिरा का होईना, ही भरपाई समज.

डॉक्टरीणबाई रजेवरून आल्या. त्यांना अहवालाची तुझी चार ओळींची नक्कल दाखवली. त्यांनी वहीत फक्त एक मोठं उद्गारचिन्ह काढलं. पुढचा छातीचा फोटो २७ मे. माझ्या कॅलेंडरवर लिहिलं आहे, तुझ्याही लिहून ठेव, कारण त्या दिवशी पुकारलेलं नाव ऐकायला तू हवीस.

टेंपो २९ तारखेला निघतो. संध्याकाळपर्यंत पोचू.

तुझे,
दादा आणि बॅरिस्टर

ता. क. गालिचा गुंडाळू नकोस. तीन पायांवर गुळगुळीत फरशी फार घसरते, आणि तो तुझ्याकडे धावत येईल तेव्हा त्याला थांबता आलं पाहिजे.